वाडीच्या पायऱ्यांचा पत्ता

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मला कळलं, की नृसिंहवाडीच्या घाटाच्या पायऱ्या नाहीशा झाल्या आहेत. दगडी पायऱ्या जागच्या जागीच होत्या. कृष्णेचं पाणी त्यांना एकेक करून पोटात घेत होतं, पण ते दर पावसाळ्यात घेतंच, त्याची कुणी बातमी करत नाही. नाहीशा झाल्या होत्या त्या आमच्या ‘पंचगंगा कट्ट्या’वरच्या पायऱ्या.

आधी कट्टा म्हणजे काय ते सांगतो. मी संगमेश. शाहूपुरीत माझं सात संगणकांचं सायबर कॅफे आहे. २००३ साली मी इंटरनेटवर हा कट्टा सुरू केला. कुणीही यावं, एखादा विषय काढावा, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहावीत, भांडावं, मग समजूत काढावी. कोल्हापूरच्या माणसाला भांडायला हक्काची जागा दिली की तो दुसरं काही मागत नाही. चार वर्षांत दोन हजार मंडळी जमली. दुबईत बसलेला माणूससुद्धा सकाळी उठून आधी कट्ट्यावर डोकावायचा.

कट्ट्यावर तीनेकशे विषय होते. त्यातला सगळ्यांत कमी शब्दांचा आणि पावसाळ्यात सगळ्यांत जास्त वाचला जाणारा विषय शिरोळच्या ख्वाजाभाईंचा. ख्वाजाभाई नदीकाठच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. पाऊस लागला की रोज सकाळी वाडीच्या घाटावर जाऊन पाण्याच्या वर किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजतात आणि वहीत लिहितात. त्यांची मुलगी आयेशा ते कट्ट्यावर टाकते. “आज वर एकतीस.” बस्स, एवढंच. हा आकडा बारावर आला की शिरोळ भागातले शेतकरी नदीकाठच्या मोटारी सोडवून वर आणतात. दुसऱ्या कुणी मोजलेल्या पायऱ्यांवर कुणाचा विश्वास नाही. उशीर झाला तर मोटार गाळात जाते आणि पुढं उसाला पाणी द्यायचे वांधे होतात.

त्या मंगळवारी आयेशा पहिल्या एसटीनं कोल्हापुरात आली. ती जयसिंगपुरात डी.एड. करते. बोलणं मोजकं, बापाच्या आकड्यांसारखंच. तिनं माझ्यापुढं एक छापलेला कागद ठेवला. त्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या: मनाई आहे, या ठिकाणी येण्याची तुम्हाला परवानगी नाही.

“अब्बांचा विषय उघडला की हे येतंय,” ती म्हणाली. “रविवारपासनं. अब्बांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी वही मिटली. म्हणाले, चार वर्षं पायऱ्या मोजल्या, आता दारातनंच हाकललं. आपण न्हाय मोजायचं आता.”

मी घाईघाईनं कट्टा उघडला. यादीत विषय होता. चारशे बारा उत्तरं, असंही त्याच्यापुढं लिहिलेलं होतं. त्यावर टिचकी मारली आणि तेच पांढरं पान समोर आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारपासून तीन जणांनी मला फोनवर हेच सांगितलं होतं, आणि मी तिघांनाही तुमचा संगणक बिघडलाय म्हणून वाटेला लावलं होतं.

शनिवारचा आकडा वीस होता. धरणांकडं पाऊस कोसळत होता. बारा यायला फार तर तीन दिवस.

विषयाच्या नावापुढं शेवटचं उत्तर कुणाचं तेही यादीत दिसतं. शनिवारी संध्याकाळी, हंबीरराव. आयेशाला ते उत्तर पाठ होतं. “पायऱ्या मोजायला देवळाची माणसं हायत. तुम्ही तुमच्या मोटारीचं बघा.”

आणि हंबीररावांकडं कट्ट्यावरचा कुठलाही विषय बंद करायच्या किल्ल्या होत्या.

२

आमच्या घरात कसलाही गुंता झाला की तो आक्काकडं जातो. तिचं नाव शिवम्मा, माझ्या वडलांची थोरली बहीण. वडील आक्का म्हणायचे म्हणून मी आक्का म्हणतो, आणि आता निम्मी शाहूपुरी म्हणते. तिनं टपाल खात्यात तेहतीस वर्षं पत्रं निवडायचं काम केलं. ‘पांढऱ्या विहिरीजवळ, तात्यांचे मेहुणे’ असल्या पत्त्याची पत्रंही तिनं पोचती केली आहेत. संगणकाला ती हात लावत नाही. कॅफे उघडलं त्या दिवशी तिनं पहिल्या संगणकावर भस्माची तीन बोटं ओढली, तेवढाच काय तो संबंध. ती बोटं अजून आहेत. पुसायची माझी छाती नाही.

दुपारी ती माझा डबा घेऊन आली. आयेशाला बघितल्यावर तो डबा माझा राहिला नाही. पोरीच्या पोटात एक अख्खी भाकरी गेल्यावरच आक्कानं काय झालं ते विचारलं, सगळं ऐकलं आणि माझ्याकडं वळली.

“संग्या, गेल्या आठवड्यात तू पत्ते बदललास न्हवं?”

बदलले होते. कट्ट्यावरच्या प्रत्येक विषयाला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता असतो. आमचे जुने पत्ते म्हणजे एकेक दिव्य होतं. कट्ट्याचं नाव, मग शोथ्रेड, टिंब, पीएचपी, प्रश्नचिन्ह, एफ बरोबर सात, पुढं एक वेडंवाकडं चिन्ह, टी बरोबर एकशे त्र्याऐंशी. शिरोळचे शेतकरी फोन करून ख्वाजाभाईंच्या पायऱ्या कुठं बघायच्या विचारायचे आणि मी हा मंत्र म्हणायचो. ते तळहातावर लिहून घ्यायचे, आणि जयसिंगपूरच्या कॅफेत पोचेपर्यंत घामानं प्रश्नचिन्ह पुसलं जायचं. एकदा आक्कानं ते ऐकलं आणि विचारलं, हा पत्ता हाय का विजेचं बिल. त्याच दिवशी मी ठरवलं, की पत्ते साधे करायचे. कट्ट्याचं नाव, एक तिरकी रेघ आणि विषयाचं छोटंसं नाव. संपलं.

आमचं तांत्रिक काम सोमेश बघतो. त्यानं इंटरनेटवर नवी जागा भाड्यानं घेतली, गुरुवारी सगळा कट्टा तिकडं हलवला आणि रविवारी सकाळी नवे पत्ते चालू केले. जुन्या पत्त्यानं कुणी आलंच तर त्याला आपोआप नव्यावर पाठवायची सोयही केली. सगळे विषय सुरळीत उघडत होते, एक सोडून. आणि हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी केला तोच तो एक.

किल्ल्या कुणाकुणाकडं आहेत, आक्कानं विचारलं. चौघांकडं, मी म्हणालो. मी, हंबीरराव, वर्षाराणी आणि सोमेश. त्यातही त्या भाड्याच्या जागेची मूळ किल्ली एकट्या सोमेशकडं.

आक्का डबा धुवायला उठली. “पत्र हरवलं की आमी आधी पोस्टमनला धरत न्हवतो,” ती म्हणाली. “पत्र फाडलंय का चुकून दुसरीकडं पडलंय, ते आधी बघायचं. हंबीररावाला बोलाव. आणि चौघांत तूबी हायस, हे डोक्यात ठेव.”

३

हंबीरराव कोडोलीचे. तरुणपणी तालमीत गेलेले, आता साठीला आले तरी आवाज अजून आखाड्यातच. ते आले आणि मी प्रश्न पुरा करायच्या आत त्यांनी असा काही आवाज लावला, की सातही संगणकांवरची गिऱ्हाइकं मागं वळून बघायला लागली. चार वर्षांत एक विषय पुसलेला नाही, आणि पुसायचाच असता तर ख्वाजाचा पुसला असता काय, असं त्यांचं म्हणणं. आक्कानं त्यांना दमू दिलं. मग आयेशाला शनिवारचं उत्तर म्हणून दाखवायला सांगितलं.

“मागल्या साली ते म्हातारं शेवाळावरनं घसरलं,” हंबीरराव म्हणाले. “गुडघा फुटला. मी बघाय गेलतो शिरोळला. म्हणून म्हणलो, देवळातली पोरं मोजतील, तू आपलं घरात बसून मोटारी बघ.”

“मग तसं लिवायचं की,” आक्का म्हणाली.

“तसंच लिवलं की.”

आयेशानं मान वर केली. हंबीरराव आले होते, हे खरं, ती म्हणाली. दोन डझन केळी घेऊन आले होते आणि अब्बांना तासभर ओरडून गेले होते.

आक्कानं त्यांना त्यांच्या स्वतःच्या किल्लीनं कट्ट्यात शिरून तो विषय उघडायला सांगितलं. त्यांनी एका बोटानं नाव लिहिलं, एका बोटानं गुप्त शब्द लिहिला. कट्ट्यावर त्यांना कुठंच अडवणूक नाही. तरीही पांढरं पान आलं, तीच मनाई. हंबीरराव ते बघून दुखावले. मलाबी परवानगी न्हाय, असं दोनदा म्हणाले.

मग आक्कानं मला एखादा बिनकामाचा विषय खरोखर पुसून टाकायला सांगितलं. मी माझाच एक चाचणीचा विषय पुसला आणि त्याच्या पत्त्यावर गेलो. आमचं ठरलेलं मराठी पान आलं: ‘हा विषय आता कट्ट्यावर नाही, मंडळी.’ आक्का ते पान आणि आयेशाचा इंग्रजी कागद शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत राहिली. 

संध्याकाळी वर्षाराणी आल्या. त्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहेत. टापटिपीचा त्यांना नाद. प्रत्येक विषयाला छोटं नाव द्यायचं काम त्यांनीच केलं होतं, तीन संध्याकाळी बसून, वहीत ओळीनं लिहून. त्या येताच हंबीररावांनी तोफ तिकडं वळवली. एका ओळीच्या उत्तराला काय विषय म्हणायचं काय, असं ख्वाजाभाईंबद्दल ह्याच बोलल्या होत्या म्हणे.

वर्षाराणींचा चेहरा उतरला. बोलले होते, त्या म्हणाल्या. मग दोन हजार पाचचा पूर आला आणि त्याच एका ओळीनं त्यांच्या भावाची मोटार वाचली. त्यानंतर त्यांनी कुणाच्या ओळी मोजल्या नाहीत.

आक्कानं त्यांची वही मागून घेतली आणि चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ख्वाजाभाईंच्या विषयाचं मूळ नाव लांबलचक होतं, ‘वाडीच्या घाटाच्या पायऱ्या आणि पाणी’. पत्त्यासाठी वर्षाराणींनी इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘वाडी’ ठेवलं होतं. फोनवर सांगायला सोपं, आणि आपल्याकडं वाडी म्हटलं की दुसरीकडं कुणाचं लक्ष जातंय, असं त्यांचं म्हणणं. ते आक्कालाही पटलं. अख्ख्या वहीत एक नाव दोनदा आलेलं नव्हतं.

राहिला सोमेश. तो रविवारी दुपारीच कामासाठी बेळगावला गेला होता, म्हणून त्याच्याशी फोनवर बोललो. आक्का शेजारी बसून मला प्रश्न पुरवत होती. विषय सुखरूप आहे, चारशे बारा उत्तरं जागेवर आहेत, असं त्यानं तपासून सांगितलं. कुणीतरी परवानगी काढून घेतली असणार, हेही सांगितलं. मग आक्कानं विचारायला लावलं, की बाहेरनं पत्ता आला की आधी तो कोण वाचतं. सोमेश म्हणाला, आधी जागा वाचते. त्या नावाचं काही खरोखरचं तिथं ठेवलेलं असलं, समजा एखादं चित्र, तर जागा तेच देऊन मोकळी होते. नसलं तर पत्ता कट्ट्याच्या हातात देते. आणि त्या जागेत तू काय काय ठेवलंयस? कट्टा, चित्रं, मंडळींची छायाचित्रं, जुन्या नोंदींची एक प्रत. बाकी काही नाही.

फोन ठेवल्यावर आक्का विचारात पडली. मी सोमेशची बाजू घेतली. पोरगं सरळ आहे, दर पौर्णिमेला वाडीला जाणारं, गुरुवारी कट्टा हलवला त्या दिवशी तर वाडीची कवठाची बर्फी घेऊन आलं होतं.

“मला न्हाय दिलीस ती,” आक्का म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत तिनं दुसरा विषय काढला नाही.

४

बुधवारी सकाळी आठपासून माझा फोन वाजत होता. शिरोळमध्ये एक जण म्हणत होता वर सतरा आहेत, दुसरा म्हणत होता दहाच उरल्या. ख्वाजाभाईंना विचारा म्हटलं, तर ते दुकानाच्या आत बसून आहेत आणि नदीचं नाव काढलं की पाना उचलतात. आयेशा रात्री आत्याकडं राहिली होती. ती सकाळीच आली. बापानं घरातून फोन उचलला नव्हता.

आक्का आली आणि पहिल्या संगणकासमोर खुर्ची ओढून बसली. तिनं मला एकामागून एक विषय उघडायला लावले आणि खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसणारा प्रत्येकाचा पत्ता मोठ्यानं वाचायला लावला. गुळाचा विषय, कुस्तीचा, गवंड्यांचा, पांढऱ्या रश्श्याचा. वीस झाले, तीस झाले. मला कंटाळा आला. तिनं तेहतीस वर्षं हेच केलेलं, तिला कसला कंटाळा.

“आता वाडी,” ती म्हणाली.

मी पत्ता लिहिला, मनाई आली.

“थांब. वर वाच. हे शेपूट कुठनं आलं?”

मी बघितलं. बाकीचे सगळे पत्ते विषयाच्या नावावर संपत होते. वाडीच्या पुढं मात्र आणखी एक तिरकी रेघ होती. मी ती लिहिली नव्हती, शपथेवर सांगतो. पुसली, पुन्हा उघडलं. रेघ पुन्हा हजर. दुसरे पन्नास पत्ते तपासले, एकालाही शेपूट नाही. चार वर्षं हे दुकान चालवतोय मी, आणि कालपासून ते माझ्या डोळ्यांपुढं होतं.

एवढं मला माहीत होतं, की अशी रेघ आपोआप लागली तर त्या नावाचा फोल्डर असतो. आक्काला मी म्हणालो, फोल्डर म्हणजे खोली. वाडी नावाची खोली त्या जागेत आधीपासून आहे. जागा पत्ता वाचते, खोली बघते आणि माणसाला तिकडंच नेते. खोलीची आतली यादी बाहेरच्याला दाखवायची नाही असा नियम असतो, म्हणून दारावर मनाई. कट्ट्यापर्यंत माणूस पोचतच नाही.

“म्हणजे ख्वाजाभाईला कुणी हाकललंच न्हाय,” आक्का म्हणाली. आयेशा ऐकत होती. तिनं ओढणीचं टोक डोळ्याला लावलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. जागेची किल्ली एकट्या सोमेशकडं. खोली करणार तोच. आणि काल त्यानं सगळ्या वस्तू मोजून सांगितल्या, त्यात वाडीचं नाव नव्हतं. चार वर्षांचा माझा दोस्त माझ्याशी खोटं बोलला, हे मला गिळवत नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं.

आक्का संगणकावरच्या भस्माच्या तीन बोटांकडं बघत होती.

“खोटं न्हाय बोललं पोरगं,” ती म्हणाली. “तू चोर शोधाय लागलायस. भक्त शोध.”

५

अकराच्या सुमाराला सोमेश स्टँडवरून थेट बॅगेसकट आला. हंबीरराव आणि वर्षाराणी आधीच येऊन बसले होते. आक्कानं सोमेशला पाणी दिलं, बसवलं, आणि एकेक बोट दुमडत सांगायला सुरुवात केली.

पुसलेल्या विषयाला कट्टा मराठीत उत्तर देतो. ख्वाजाभाईंच्या विषयाला इंग्रजीत उत्तर आलं. म्हणजे ते उत्तर कट्ट्यानं दिलेलंच नाही. हंबीररावांच्या किल्लीलाही मनाई आली, म्हणजे ती कुण्या एका माणसाला नव्हती. वर्षाराणींच्या वहीत नाव एकदाच आलंय, म्हणजे दोन विषयांची टक्कर नाही. उरली ती शेपटाची रेघ, आणि ती सांगते, की वाडी नावाची खोली कुणीतरी आधीच बांधलीय.

“सोमेश, नव्या जागेत पहिलं काय ठेवलंस?”

“कट्टा,” सोमेश म्हणाला.

“त्याच्या आधी?”

सोमेशनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग दोन्ही हात गालांवर मारून घेतले.

गुरुवार होता. जागा नवी कोरी होती. काही ठेवायच्या आधी त्यानं एक फोल्डर केला, त्याला वाडी नाव दिलं आणि त्यात वाडीचा एक फोटो ठेवला. पहिलं काम देवाचं. मग कट्टा हलवला, बर्फी वाटली आणि तो फोल्डर तो विसरला. विसरला म्हणजे, त्यानं तो सामानात धरलाच नाही. घरात काय काय आहे विचारल्यावर माणूस कपाट सांगतो, खाट सांगतो, देवाचा कोनाडा कोण सांगतं?

“तुला कसं कळलं गं?” मी आक्काला विचारलं.

तेव्हा तिनं टपालातली गोष्ट सांगितली. एका छोट्या गावाच्या टपालात, गावाचं नाव ती सांगणार नाही, पत्रांची नवी फळी आली. आक्कानं पहिल्या खणाला भस्म लावलं आणि तो देवाचा म्हणून रिकामा सोडला. एका बदली माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं एका वस्तीची पत्रं त्या खणात टाकली. अकरा दिवस ती तिथंच पडून होती, कारण त्या खणात हात घालायचा नाही असा बाकीच्यांचा नेम. एका पोरीच्या नोकरीचं पत्र त्यात होतं. आक्का स्वतः चालत जाऊन ते देऊन आली. पोरीला नोकरी मिळाली, पण ते अकरा दिवस आपण कधी विसरलो नाही, असं ती म्हणाली.  आक्काची चूक मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि मला तिच्याबद्दल एकदम फार माया वाटली.

आता फोल्डरचं नाव बदललं की झालं. पण सोमेश हात लावेना. उद्या गुरुवार आहे, उद्या करतो म्हणाला. आक्कानं त्याला सांगितलं, की पाणी गुरुवारची वाट बघत नाही, देव हलवायचा असला तर विचारून हलव. हंबीरराव समोरच्या दुकानातून नारळ घेऊन आले. तो कॅफेच्या उंबऱ्यावर फुटला, सोमेशनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि फोल्डरला दुसरं, लांबलचक नाव दिलं. मी पत्ता लिहिला. चारशे बारा उत्तरं धबाधबा समोर आली. शेपूट गेलं होतं.

सोमेशनं खोलीतला तो फोटोही उघडून दाखवला. मागल्या पावसाळ्यातला वाडीचा घाट, पाणी चढलेलं, सकाळची वेळ. आयेशा पुढं झाली. बराच वेळ फोटोकडं बघत राहिली आणि मला म्हणाली, याची एक प्रत छापून द्या. का, ते तिनं सांगितलं नाही.

६

वर्षाराणींना कॅफेत बसवून हंबीररावांच्या जीपमधून आम्ही बाकीचे सगळे शिरोळला गेलो. ख्वाजाभाईंचं दुकान रस्त्यालगत. दारात उघडून ठेवलेल्या मोटारी, आत एका खाटेवर ते स्वतः, मांडीवर पाना. आम्हाला बघून उठले, पावण्यांना चहा सांगितला, पण नजर दिली नाही.

सोमेश पुढं झाला. सगळं सांगून शेवटी म्हणाला, “दार मी लावलं, काका. देवाच्या नावानं लावलं. चुकलो.”

 आयेशानं तो छापलेला फोटो त्यांच्या हातात दिला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. घाटाच्या पायऱ्यांवर एक माणूस वाकून उभा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, काखेत मुठीला लाल दोरा गुंडाळलेली छत्री. तीच छत्री दुकानात खिळ्याला टांगलेली होती.

“ही तर माझी पाठ हाय,” ख्वाजाभाई म्हणाले. मग सोमेशकडं बघितलं. “आणि ह्यो फोटू त्या खोलीत होता? देवाच्या?”

“गुरुवारपासनं.”

ख्वाजाभाईंनी फोटो पुन्हा जवळ धरला. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. हसतायत का रडतायत ते आधी कळेना.

“मंजे मला भाईर कुणी ठेवलंच न्हवतं,” ते म्हणाले. “मी आतच होतो की.”

चहा आला, तो कुणी धड प्यायला नाही. ख्वाजाभाईंनी खिळ्यावरची छत्री काढली, वही घेतली. आम्ही सगळे मागून निघालो. घाटावर पाणी गढूळ आणि शांत होतं. ते पायऱ्या उतरायला लागले तसा हंबीररावांनी त्यांचा दंड धरला. सोड म्हटलं तरी सोडला नाही. मोजून झाल्यावर ख्वाजाभाईंनी एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली बघितलं.

“आज वर तेरा. उद्या सकाळची वाट बघू नका, आजच काढा,” ते म्हणाले. आयेशानं मला फोनवरून कॅफेत वर्षाराणींना कळवायला लावलं, आणि दोन मिनिटांत ती ओळ कट्ट्यावर गेली. चारशे तेरावी.

वर येईपर्यंत ख्वाजाभाईंचा फोन वाजला. नदीपलीकडचा कुणी शेतकरी होता, पायऱ्या कुठं बघायच्या विचारत होता. मी सवयीनं पत्ता सांगायला हात पुढं केला. ख्वाजाभाईंनी फोन दिला नाही.

“लिवून घ्यायची गरज न्हाय,” ते त्याला म्हणाले. “कट्ट्याचं नाव घाल, एक तिरकी रेघ मार, आणि म्होरं वाडी. माझाच पत्ता हाय त्यो.”